वॉनापमच्या काठावर दोन रात्री: गॉर्जच्या मैफलीला जाणाऱ्यांसाठी

सिएटलहून आय-९० महामार्गाने पूर्वेला निघालं, कॅस्केडचे डोंगर ओलांडले, की साधारण दीडशे मैलांवर गॉर्ज अँफिथिएटर लागतं. कोलंबिया नदीच्या कड्यावर, उघड्या आभाळाखाली, १९८६ पासून चालू असलेलं, साडेसत्तावीस हजार माणसं मावतील एवढं. बेलव्यू-रेडमंड-बॉथेलकडची मराठी मंडळी एकदा तरी तिथे जायचं ठरवतात आणि 'रात्री परत कसं यायचं' या प्रश्नापाशी बेत बारगळतो. कार्यक्रम संपतो अकराच्या सुमारास. त्यानंतर घाट चढत-उतरत अडीच-तीन तास गाडी हाकायची म्हणजे स्टिअरिंगवर डुलक्या. तेव्हा मुक्काम हवाच.

मुक्कामाचे मुख्य पर्याय दोन. एक, मैफलीच्या जागेला लागूनच असलेलं कॅम्पग्राउंड. तिथून चालत जाता येतं, पण ते म्हणजे मोकळं माळरान. दुसरा, नदीपलीकडे व्हँटेज गावाखाली असलेलं वॉनापमचं सरकारी कॅम्पग्राउंड. ते पाण्याला लागून आहे. आम्ही दुसरा निवडला: दोन कुटुंबं, सात माणसं, दोन गाड्या, २०२५ च्या लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी) आधीच्या शुक्रवार-शनिवारच्या रात्री. त्या शुक्रवार ते रविवार गॉर्जला डेव्ह मॅथ्यूज बँडचे कार्यक्रम असतात, दरवर्षीचा पायंडा आहे. म्हणजे गर्दीचा कळस. या गर्दीत काय जमतं आणि काय फसतं, ते क्रमाने लिहितो.

आरक्षण

वॉशिंग्टन राज्याच्या पार्कांचं आरक्षण नऊ महिने आधी, सकाळी ७ ला उघडतं. शुक्रवार २९ ऑगस्टला पोचायचं, म्हणून २९ नोव्हेंबर २०२४ ला, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, सातच्या आधीच लॅपटॉप उघडून बसलो. सात वाजले, नकाशा उघडला, जवळजवळ सगळ्या जागा लाल.

याचं कारण नंतर उमगलं. नऊ महिने मोजतात ते पोचण्याच्या तारखेपासून. जो बुधवारी पोचणार तो बुधवारची तारीख उघडली की त्याच वेळी पुढचे शुक्रवार-शनिवारही घेऊन टाकतो. म्हणजे लोकप्रिय शनिवार-रविवार खरे तर दोन दिवस आधीच संपलेले असतात. शनिवारच्या कार्यक्रमासाठी जागा हवी असेल तर बुधवार किंवा गुरुवारपासूनचं आरक्षण करा, आणि ते दिवस खरोखर राहणार असाल तरच करा. रिकामी ठेवलेली जागा बघून दुसऱ्याचा जीव जळतो, हे आता स्वानुभवाने सांगू शकतो.

दुसरा दरवाजा रद्द झालेल्या आरक्षणांचा. आरक्षणाच्या संकेतस्थळावर तारीख आणि पार्क देऊन 'जागा झाली तर कळवा' अशी सूचना लावता येते. लावली आणि विसरलो. जूनमध्ये एका सकाळी ई-मेल आली. अशी ई-मेल एकाच वेळी बऱ्याच जणांना जाते, तेव्हा ती वाचून घरच्यांना फोन करून विचारविनिमय करायला वेळ नसतो. आधी जागा घ्या, मग विचारा. खातं उघडलेलं, कार्ड आणि गाडीचा नंबर भरून ठेवलेला असेल तर हे दोन मिनिटांत होतं.

वॉनापमला ५० जागा आहेत आणि त्या फुल हुकअपच्या, म्हणजे वीज, पाणी, सांडपाणी असलेल्या. त्या मुळात आरव्हीसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांसाठी, पण तंबू लावता येतो. पैसे मात्र आरव्हीइतकेच. आरक्षण शुल्क धरून दोन रात्रींचे शंभर डॉलरच्या थोडे वर गेले. एका जागेवर माणसं जास्तीत जास्त आठ. दुसऱ्या गाडीचे रात्रीला १० डॉलर वेगळे, म्हणजे आमचे २०. मुक्कामाला असणाऱ्यांना डिस्कव्हर पास, म्हणजे राज्याच्या पार्कात गाडी न्यायचा परवाना, लागत नाही. शनिवारी दुपारपुरते कुणी मित्र भेटायला येणार असतील तर त्यांना लागतो, त्यांना आधीच सांगा.

जागा निवडताना नुसती रिकामी आहे का एवढंच पाहू नका. प्रत्येक जागेचे फोटो दिलेले असतात. त्यात झाड कुठल्या बाजूला आहे ते पाहा. तिथे वर्षाला जेमतेम आठ इंच पाऊस पडतो. पश्चिमेला झाड असलेली जागा दुपारी तीननंतर किती मोलाची असते, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

पूल

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. कॅम्पग्राउंड नदीच्या पश्चिम तीरावर आहे आणि गॉर्ज पूर्व तीरावर. मध्ये व्हँटेजचा पूल. नकाशावर कॅम्पग्राउंड ते गॉर्ज सोळा-सतरा मैल दिसतात आणि माणूस म्हणतो, पंचवीस मिनिटं. पण २०२४ पासून या पुलाच्या पृष्ठभागाचं काम चालू आहे आणि काम चालू असताना प्रत्येक दिशेला एकच लेन उरते. आंतरराज्य महामार्ग, लेबर डेची सुट्टी आणि पंचवीस-सत्तावीस हजार प्रेक्षक, सगळे त्या एका लेनमधून. जवळपास दुसरा पूल नाही. उत्तरेला वेनॅचीला आहे, दक्षिणेला व्हर्निटाला. दोन्ही बरेच लांब.

म्हणून कुठलंही ठिकाण ठरवताना अंतर नंतर बघा, आधी ते पुलाच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. जे पूर्वेकडे, गॉर्जच्याच मैदानात राहणार आहेत, ते ब्लूएट खिंडीने वेनॅची, तिथून क्विन्सी करत जॉर्ज गावाकडून येऊ शकतात. लांबचा रस्ता आहे, पण पूल टळतो. वॉनापमवाल्यांना पूल जाताना आणि येताना, दोनदा चुकत नाही.

मात्र यात एक गोष्ट पथ्यावर पडते. व्हँटेजची १३६ नंबरची एक्झिट पुलाच्या अगदी तोंडाशी आहे. सिएटलकडून येणाऱ्यांची रांग मागे डोंगरावर चढत गेलेली असते, आणि आपण गावातून महामार्गाला लागतो ते थेट रांगेच्या डोक्यापाशी. परतताना तर पूल संपला की लगेच आपली एक्झिट. बाकीच्यांना तिथून पुढे रायग्रासचा लांबलचक चढ चढायचा असतो.

(हा पूल १९६२ चा. खाली वॉनापम धरणाचा फुगवटा येणार म्हणून १९२७ चा जुना पूल सोडवून काढला आणि पुढे स्नेक नदीवर लायन्स फेरीला नेऊन पुन्हा जोडला. कॅम्पग्राउंडसमोर जे तळं दिसतं तो हाच फुगवटा. २०१४ साली धरणाच्या एका खांबात तडा सापडला तेव्हा पाणी सव्वीस फुटांनी खाली आणावं लागलं होतं.)

शुक्रवार, २९ ऑगस्ट

वॉशिंग्टनच्या पार्कांत जागेचा ताबा दुपारी अडीचला मिळतो. घरून सकाळी नऊला निघालो, स्नोक्वाल्मी खिंडीपर्यंत रस्ता बरा होता. एलेन्सबर्गला बाराच्या आत पोचलो. किराणा, बर्फ, पेट्रोल हे सगळं तिथेच उरकायचं. व्हँटेजला पंप आणि छोटं दुकान आहे, पण अशा दिवशी तिथे बर्फाच्या भरवशावर राहू नका. आम्ही दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये घरूनच पाणी गोठवून नेलं होतं. पिशवीतल्या बर्फापेक्षा ते जास्त टिकतं, डब्यात पाण्याचा चिखल होत नाही आणि वितळलं की प्यायला होतं.

रेंजरला पहिला प्रश्न विचारला तो रात्रीच्या गेटचा. काही पार्कांत रात्री गेट लावून घेतात, आणि आपण येणार एक-दीडला. गेट असेल तर कोड काय, कुणाला हाक मारायची, हे तेव्हाच विचारून कागदावर लिहून घ्या, फोनमध्ये नको. मध्यरात्री फोनला रेंज असेल असं धरून चालू नका. दुसरा प्रश्न हिरवळीला पाणी कधी देतात याचा. त्या कोरड्या मुलखात हिरवळ दिसली की ती तुषारांवरच जगते आहे हे समजावं, आणि तुषार बहुधा रात्री सुटतात.

मग वारा. व्हँटेजचा वारा हा अपवाद नसून नियम आहे. डोंगरापलीकडे समुद्राकडची थंड हवा, इकडे तापलेलं खोरं. दुपार कलली की ती थंड हवा खिंडीतून खाली सुटते. डोंगरमाथ्यावर ओळीने पवनचक्क्या उभ्या आहेत त्या काही उगाच नाहीत. आमच्या तंबूबरोबर आलेल्या सात इंची ॲल्युमिनियमच्या खुंट्या दाबून बसवलेल्या खडीत दोन इंच गेल्या आणि वाकल्या. बारा इंची लोखंडी खुंट्या आणि घणासारखा हातोडा न्या, रबरी हातोडीचं तिथे काम नाही. खुंटी तंबूपासून उलट्या दिशेला कललेली ठोका, ताणदोऱ्या सगळ्या बांधा, नुसत्या शोभेच्या लटकत ठेवू नका. तंबूचं दार पूर्वेकडे ठेवा आणि बुटकी बाजू पश्चिमेला करा.

सावलीसाठी जो चार पायांचा घडीचा मांडव नेतात, तो सगळ्यात आधी उडतो. पाच गॅलनच्या बादल्या पाण्याने भरून प्रत्येक पायाला एक बांधली, की एका पायाला सुमारे १९ किलो वजन मिळतं. आम्ही बांधल्या होत्या, तरी पाचच्या सुमाराला छताचं शीड झालं आणि एक पाय बादलीसकट सरकला. तेव्हा मुकाट्याने छत उतरवलं. संध्याकाळी चार ते आठ मांडव बंद, हा तिथला रिवाज समजा. आजूबाजूचे जुने मुक्कामी चारलाच छत्र्या मिटताना दिसले होते, आम्हीच बघून बोध घेतला नाही.

सराटे

तंबू उभा राहिला, फुगवायची गादी आत टाकली आणि तासाभरात ती मऊ पडली. उलटी करून पाहिलं तर बुडाला एक काटा. चण्याएवढं फळ, त्याला दोन टोकदार शिंगं, जमिनीवर कसंही पडलं तरी एक शिंग वरच. हातात घेतलं आणि ओळख पटली: सराटा! सोलापूर-नगरकडच्या माळावर अनवाणी फिरलेल्यांना वेगळं सांगायला नको. तेच झाड, तेच पिवळं फूल, इथे त्याला 'गोटहेड' म्हणतात. पूर्व वॉशिंग्टनमध्ये हे तण बेसुमार माजलंय.

उपाय: तंबू टाकण्याआधी जागा नजरेने नव्हे, जुन्या सतरंजीने झाडा. सतरंजी जमिनीवर टाकून तिच्यावर चालायचं, सराटे तिला अडकून येतात. खाली जाड ताडपत्री, तिच्यावर तंबू, आत फोमची चटई आणि मग गादी. सायकलच्या पंक्चरचं सामान जवळ ठेवा, गादीलाही चालतं. रबरी सपाता तिथे निरुपयोगी. काटा आरपार येतो, जाड तळव्याचे बूट हवेत. कुत्रं नेत असाल तर त्याचे पंजे रोज तपासा. रात्री पायवाटेवर टॉर्च लावूनच चाला, विषारी रॅटलस्नेक सापांचा मुलूख आहे.

चूल, शेगडी आणि कुकर

उन्हाळ्यात तिकडे आगबंदी असते: लाकडाची शेकोटी नाही, कोळसाही नाही. बटण फिरवून बंद करता येणारी गॅसची शेगडी चालते. पण त्या वाऱ्यात ज्योत भांड्याखाली थांबतच नाही. पाऊण तासानंतरही आमच्या भाताचा वरचा बोटभर थर कच्चा आणि बूड करपलेलं. गाडीचा आडोसा केला तर थोडा फरक पडतो, पण शेगडी तंबूत नेऊ नका, कितीही वैताग आला तरी. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

इथे फुल हुकअपचे पैसे वसूल होतात. विजेच्या खांबावर आरव्हीचे ३० आणि ५० अँपिअरचे सॉकेट असतात, घरगुती असेलच असं नाही. म्हणून ३० अँपिअरवरून घरगुतीवर आणणारा अडॅप्टर न्या. विस्तारदोरी (एक्सटेन्शन कॉर्ड) बाहेर वापरायची, जाड तारेची, १२ किंवा १४ गेजची; १६ गेजची बारीक दोरी गरम होते. इंडक्शन शेगडी १८०० वॅट, इलेक्ट्रिक किटली १५०० वॅट. १२० व्होल्टवर दोन्ही मिळून साडेसत्तावीस अँपिअर होतात. एका दोरीवर दोन्ही लावलीत तर दोरी धोकादायक तापेल, आणि ३० अँपिअरचा खटका पडेलच असं नाही. चहा आधी, पोहे नंतर.

आणि कुकर. आम्ही नेहमीचा ॲल्युमिनियमचा नेला. इंडक्शनवर तो चालत नाही, हे तिथे गेल्यावर आठवलं. घरीच भांड्याच्या बुडाला फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, चिकटलं तर भांडं चालेल. शेजारच्या जागेतल्या तेलुगू कुटुंबाने स्टीलचा कुकर दिला म्हणून रात्री खिचडी झाली. शिट्टी झाली तशी चारही बाजूंच्या माना वळल्या. पलीकडच्या आरव्हीतले एक गोरे आजोबा तर काही फुटलं की काय म्हणून उठून आले. त्यांना वाटीभर खिचडी दिली.

या आजोबांनी मोलाचं काय सांगितलं असेल तर हे: कार्यक्रम संपल्यावर गाडीकडे पळू नका. सगळी वाहनं शेवटी गॉर्ज आणि महामार्ग जोडणाऱ्या सिलिका रोडवरच उतरतात. पहिला तास तुम्ही इंजिन चालू ठेवून बसणार. त्यापेक्षा गाडीशेजारी खुर्च्या टाका, थर्मास उघडा, रांग हलायला लागली की निघा.

शनिवार, ३० ऑगस्ट

५० जागा, जागेला आठ माणसं, म्हणजे भरलं तर चारशे डोकी. अंघोळीची रांग सकाळी आठ ते अकरा लांबच लांब. पहाटे सहाला किंवा दुपारी दोनला जा. २५ सेंटची नाणी जवळ असू द्या, बऱ्याच पार्कांत शॉवर नाण्यावर चालतो. गिझरचं पाणी संपलं तर त्या उन्हाळ्यात काही बिघडत नाही.

पाण्यात उतरायचं ते सकाळी. तेव्हा तळं आरशासारखं असतं. दुपारनंतर वारा सुटला की रबरी ट्यूबा मध्यभागाकडे वाहत जातात, आणि तिथे जीवरक्षक नाहीत. एकोणीस फुटांहून लहान होडीत बसणाऱ्या बारा आणि त्याखालच्या वयाच्या मुलांना लाइफ जॅकेट कायद्यानेच लागतं. काठावर खेळणाऱ्यांनाही घालाच.

आम्ही दुपारी तीनला निघालो. गावातून पुलापर्यंत आणि पलीकडे जायला चाळीस मिनिटं, मग १४३ ची एक्झिट, मग सिलिका रोड. पार्किंगमध्ये गाडी लागली तेव्हा पाचला दहा कमी होती. सतरा मैलांना एक तास पन्नास मिनिटं. शेजारचे शुक्रवारी पाचनंतर निघाले होते, ते म्हणाले पहिली काही गाणी पुलावरच्या रांगेत गेली. तिकिटं फोनच्या वॉलेटमध्ये घरीच उतरवून ठेवा. गर्दीत नेटवर्क इतकं मंदावतं की तिकीट उघडत नाही आणि मागचे लोक उसासे टाकतात. पिशवी, पाणी, खुर्ची यांचे नियम कार्यक्रमागणिक बदलतात, तिकिटासोबत आलेली यादी वाचा. दिवसा नव्वदच्या वर फॅरनहाइट असलं तरी उतारावर रात्री अंगात जाकीट लागतं. बायकोने शाली आणल्या होत्या. त्यांची दुपारी मीच थट्टा केली आणि रात्री एक मागून घेतली.

मैफलीबद्दल लिहीत नाही, ती ज्याची त्याने ऐकावी. सूर्य नदीपलीकडे उतरताना समोरचा कातळ तांबूस होतो तेवढं मात्र फोन खाली ठेवून बघा.

अकराला संपलं. आजोबांचं ऐकून खुर्च्या टाकल्या, चहा प्यायलो, पोरं मागच्या सीटवर झोपली. बारा वीसला चाक हललं, दीडला तंबूपाशी. पार्कात रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, पण त्या रात्री निम्मं कॅम्पग्राउंडच एकनंतर परत येतं. गाड्यांची दारं, तंबूंच्या चेन, लहान मुलांचं रडणं, सगळं ऐकू येतं. कानात घालायचे बोळे प्रत्येकाला एक जोडी. गाडीचा रिमोट दाबू नका, हॉर्न वाजतो, किल्लीने लावा. कंदील, पाण्याची बाटली, रात्रीचे कपडे निघण्याआधीच उशाशी काढून ठेवा, म्हणजे दीड वाजता पिशव्यांची खुडबुड होत नाही.

रविवार

जागा दुपारी एकपर्यंत सोडायची असते. तंबू सकाळी नऊच्या आत उतरवा, वारा पडलेला असतो तेव्हा. आम्ही अकराला निघालो आणि अडीचपर्यंत घरी होतो. सोमवारी निघणाऱ्यांचा क्ली एलम ते स्नोक्वाल्मी पट्ट्यात किती वेळ जातो, ते दरवर्षी बातम्यांत दिसतं. रायग्रास चढताना उन्हात गाडीच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, सामान आणि माणसं भरलेली असतील तर थोडा वेळ एसी बंद करा.

ताडपत्री घडी करण्याआधी तिथेच उलटी झटकायची, बुटांचे तळवे आणि टायर बघायचे, निघालेले सराटे गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत बांधायचे. आमच्या टायरमधून सहा निघाले. सातवा मंगळवारी गॅरेजमध्ये सापडला, पायाला.